वाढ म्हणणारा निरोप, थांब म्हणणारा निरोप

लातूरला अकरावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवताना ॲनिमल टिश्यूच्या धड्यात एक ओळ येते. ॲरिओलर टिश्यूमध्ये, म्हणजे कातडीखालच्या सैलसर ऊतीत, फायब्रोब्लास्ट, मॅक्रोफेज आणि मास्ट सेल असतात, फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू तयार करून बाहेर सोडणाऱ्या पेशी. एवढंच. पोरं ओळ अंडरलाईन करतात, नीटला कधीतरी त्यावर एखादा एमसीक्यू पडतो, आणि आम्ही पुढं कार्टिलेज, मग हाड, मग रक्त असं करत धडा संपवून टाकतो. मला दरवर्षी त्या ओळीवर थांबावं वाटतं आणि दरवर्षी पोर्शन मागं लागलेला असतो. म्हणून आज निवांत लिहायला बसले, कारण या पेशीच्या मागं मी काही वर्षं घालवलीत, आणि लॅब सुटली तरी नंतर घरातल्या, गावातल्या माणसांच्या अंगावर ती मला परत परत दिसत राहिली.

फायब्रोब्लास्ट अंगात कुठं नाही ते विचारा. कातडीच्या आतल्या थरात आहे, स्नायूंच्या आवरणात आहे, हिरड्यांत, फुफ्फुसात, हृदयात सुद्धा आहे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. कोलॅजन नावाचं चिवट प्रोटीन ती तयार करते आणि आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन तेच. कातडी ओढली तर फाटत नाही, परत जाग्यावर येते, त्यात तिचा मोठा वाटा. पण मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं सांगू, ती बहुतेक वेळ गप्प असते. वाढायची, दुप्पट व्हायची सगळी तयारी तिच्याकडं असते, तरी ती स्वतःहून वाढत नाही. तिला कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. आणि सांगायचं म्हणजे केमिकलनं सांगायचं, दुसरी भाषा तिला कळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून पाठ केलेलं होतंच, पण पटलं ते एम.एस्सी. नंतर पुण्याच्या एका लॅबमध्ये काम करताना. तिथं आम्ही माणसाच्या कातडीतले फायब्रोब्लास्ट फ्लास्कमध्ये वाढवायचो. गुलाबी रंगाचं मीडियम, त्यात साखर, अमिनो ॲसिड, व्हिटॅमिन, क्षार, सगळं खाणंपिणं आहे. तरी त्यात वरून दहा टक्के सिरम टाकल्याशिवाय पेशी वाढत नाहीत. सिरम म्हणजे वासराच्या रक्तातलं. ते अर्ध्या टक्क्यावर आणलं की पेशी मरत नाहीत हे आधी लक्षात घ्या, त्या जिवंत असतात, तळाला चिकटून पसरलेल्या असतात, मायक्रोस्कोपखाली अगदी ठणठणीत दिसतात, फक्त दुप्पट व्हायचं बंद करतात. खायला भरपूर आहे पण वाढ म्हणणारं कुणी नाही. मग परत दहा टक्के सिरम द्या आणि दुसऱ्या दिवशी या, फ्लास्कमध्ये जागोजागी पेशी गोल झालेल्या दिसतात, विभागणीच्या आधी त्या तशा गोल होतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी शेजारच्या टेबलवरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. त्यांनी ते कितीदा तरी बघितलेलं होतं, तरी बिचारे आले आणि बघितलं.

मग प्रश्न हा की सिरममध्ये असतं काय?

याचं उत्तर १९७० च्या दशकात मिळालं आणि ते ज्या वाटेनं मिळालं ती मला फार आवडते. अमेरिकेत सिॲटलला रसेल रॉस नावाचे शास्त्रज्ञ रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड का होतात यावर काम करत होते, म्हणजे हार्ट अटॅकच्या मुळाशी असणारा आजार. माकडाच्या रक्तवाहिनीतल्या पेशी ते डिशमध्ये वाढवायचे. आता रक्तापासून दोन वेगवेगळ्या गोष्टी काढता येतात. रक्त गोठू दिलं आणि गुठळीवर सुटलेलं पिवळसर पाणी घेतलं तर ते सिरम. रक्त गोठूच दिलं नाही आणि त्यातल्या पेशी, प्लेटलेट सगळं बाजूला काढलं तर उरतो तो प्लाझ्मा. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच. रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७४ मध्ये दिसलं की सिरममध्ये पेशी वाढतात, प्लाझ्मामध्ये वाढत नाहीत, आणि त्याच प्लाझ्मात प्लेटलेटचा अर्क टाकला की परत वाढायला लागतात. त्याच वर्षी कोलर आणि लिप्टन या दोघांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टवर हेच दाखवलं. म्हणजे वाढीचा निरोप प्लेटलेटच्या पोटात भरून ठेवलेला असतो आणि रक्त गोठायला लागलं, प्लेटलेट फुटायला लागल्या, की तो बाहेर पडतो.

डेंग्यूच्या सीझनला आमच्याकडं शाळेत न गेलेल्या म्हातारीला सुद्धा प्लेटलेट माहीत असतात. दीड लाख ते साडेचार लाख नॉर्मल, कमी झाल्या की पपईच्या पानाचा रस, किवी, धावाधाव. रक्त थांबवायचं काम प्लेटलेटचं हे सगळ्यांना ठाऊक झालंय. पण त्याच प्लेटलेट रक्त थांबवता थांबवता खालच्या पेशींना हाकही मारतात, हे कुणी सांगत नाही. आणि यातली व्यवस्था बघा. धमन्यांमधून रात्रंदिवस रक्त वाहतं, अंगभर फिरतं, तरी ते कुठल्याच फायब्रोब्लास्टला वाढ म्हणून सांगत नाही. भिंत फुटली, रक्त बाहेर आलं, गोठलं, की मगच निरोप जातो, आणि तोही तिथल्या तिथंच. जखम जिथं झाली तिथंच वाढीचा निरोप सुटायला पाहिजे, दुसरीकडं नको, आणि त्यासाठी वेगळा पहारेकरी ठेवायची गरजच पडली नाही, गोठणं हीच खूण झाली. मी कितीही वेळा यावर विचार केला तरी माझं मन भरत नाही.

त्या निरोपाला पुढं प्लेटलेट-डिराइव्हड ग्रोथ फॅक्टर म्हणायला लागले, पीडीजीएफ. १९७९ पर्यंत स्वीडनमधल्या उप्सलाच्या कार्ल-हेन्रिक हेल्डिन आणि बेंग्ट वेस्टरमार्क यांच्या गटानं तो शुद्ध करून दाखवला. दोन साखळ्या जोडून बनलेलं प्रोटीन आहे ते, आणि दोन असण्यालाच अर्थ आहे. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रोटीन, सुटे सुटे असतात. पीडीजीएफ येतो आणि एकाच वेळी दोन रिसेप्टरना धरून जवळ आणतो. जवळ आले की दोघं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, त्या फॉस्फेटला आतली दुसरी प्रोटीन येऊन चिकटतात, ती पुढच्याला जागं करतात, असं करत करत निरोप न्यूक्लिअसपर्यंत जातो आणि काही मिनिटांत फॉससारखे जीन चालू होतात. पीडीजीएफ स्वतः पेशीच्या आत जाऊन काही सांगत नाही. त्याचं काम दारावर होतं.

तरी डीएनएची नक्कल सुरू व्हायला त्यानंतर कितीतरी तास जातात, दहा-बारा तर जातातच, आणि त्या तासांत काय चालतं हे शोधताना बोस्टनच्या लोकांना अजून एक भारी गोष्ट सापडली. १९७७ च्या सुमारास प्लेजर, स्टाइल्स, शेर या मंडळींनी उंदराच्या फायब्रोब्लास्टना थोडाच वेळ पीडीजीएफ दिला आणि धुऊन टाकला. पेशी वाढल्या नाहीत. पण नंतर त्यांना नुसता प्लाझ्मा दिला, जो एकटा काहीच करू शकत नव्हता, तर त्या पुढं सरकल्या आणि डीएनए तयार करायला लागल्या. उलट्या क्रमानं दिलं, आधी प्लाझ्मा आणि मग पीडीजीएफ, तर आधीचा प्लाझ्मा वायाच गेला. म्हणजे निरोप एक नाही, दोन आहेत आणि त्यांना क्रम आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. जमिनीला वाफसा आल्याशिवाय पेरून उपयोग नसतो, आणि वाफसा आला तरी नुसत्या वाफशानं काही उगवत नाही, बी पडावं लागतं, तेही वाफसा आहे तोवर. पीडीजीएफ पेशीला वाफशावर आणतो. पुढचं काम प्लाझ्मातला इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर, आयजीएफ-१, करतो. अंगभर कायम फिरणारा निरोप हा दुसरा आहे, आणि पहिला आल्याशिवाय तो कुणाला ऐकूच जात नाही.

१९९९ मध्ये स्टॅनफर्डला विश्वनाथ अय्यर, पॅट ब्राउन आणि त्यांच्या टीमनं माणसाच्या फायब्रोब्लास्टना आधी सिरमविना गप्प बसवलं, मग सिरम दिलं आणि जवळपास ८,६०० जीन कसे चालू-बंद होतात ते चोवीस तास बघितलं. त्यांना वाटलं होतं विभागणीचे जीन दिसतील. ते दिसलेच, पण त्यापेक्षा लक्ष वेधून घेतलं ते वेगळ्याच जीननी, रक्त गोठवण्याशी संबंधित, सूज आणणारे, नवीन रक्तवाहिन्या बोलावणारे, पेशींना सरकायला लावणारे. म्हणजे आपण प्लास्टिकच्या डिशमध्ये सिरम टाकलं तरी पेशी वागली ती जखम झाल्यासारखी. तिच्या हिशोबानं सिरम म्हणजे सांडलेलं रक्तच. हा पेपर मी पुण्याच्या होस्टेलवर वाचला आणि नंतर कितीतरी वेळ फ्लास्ककडं बघायची माझी नजरच बदलून गेली.

आता लॅब सोडून रानात येऊ. माझं गाव केज तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि कोयत्याचे वार हात-पाय-नडगीवर घेऊन लोक परत येतात. कोयता लागला की चिंधी बांधायची आणि परत फडात उभं राहायचं, कारण खाडा झाला तर उचल फिटत नाही. त्या चिंधीखाली काय चालू असतं ते क्रमानं सांगते. पहिल्या काही मिनिटांत प्लेटलेट चिकटतात, गुठळी होते, पीडीजीएफ आणि त्याच्याबरोबर टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा निरोप सुटतो. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात, जंतू खातात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे घाण गिळून टाकणाऱ्या मोठ्या पेशी, येतात आणि ते नुसती साफसफाई करत नाहीत, प्लेटलेटचा साठा संपला की तेच वाढीचे निरोप स्वतः बनवायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आजूबाजूचे फायब्रोब्लास्ट निरोप ज्या बाजूनं जास्त येतोय त्या बाजूला सरकत सरकत जखमेत शिरतात, वाढतात, कोलॅजन टाकतात. कोलॅजन नीट पक्कं व्हायला व्हिटॅमिन सी लागतं, ते नसेल तर जखम भरत नाही आणि जुन्या जखमा सुद्धा उघडतात. फडावर भाकरी-चटणीवर दिवस काढणाऱ्या माणसाला लिंबू मिळतं का, पेरू मिळतो का, हा प्रश्न मला म्हणूनच साधा वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास काही फायब्रोब्लास्ट रूप बदलतात. टीजीएफ-बीटा सांगतो आणि वरून जखमेचा ताण सांगतो, मग त्यांच्यात स्नायूसारखे आकसणारे धागे तयार होतात आणि ते जखमेच्या कडा एकमेकांकडं ओढायला लागतात. यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात, १९७१ मध्ये जुलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. मोठी जखम दिवसेंदिवस लहान होत जाते ना, ती यांच्यामुळं. आणि शेवटी जो व्रण राहतो त्याची ताकद तीन आठवड्यांनी मूळ कातडीच्या २० ते ३० टक्के, पुढं काही महिन्यांत फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. शंभर कधीच होत नाही.

इथपर्यंत सगळे सांगतात. माझं सगळं लक्ष मात्र पुढच्या भागावर असतं, कारण त्याकडं कुणी बघत नाही. जखम भरल्यावर या पेशींचं काय होतं? त्या वाढतच का राहत नाहीत?

राहत नाहीत कारण वाढीचे निरोप मुळात अल्पायुषी असतात. बबून माकडांच्या रक्तात पीडीजीएफ सोडून मोजलं तेव्हा ते सुमारे २ मिनिटांत निम्मं झालेलं होतं. पेशीनं निरोप घेतला की रिसेप्टरही आत ओढून मोडून टाकते. टीजीएफ-बीटा तर झाकलेल्या अवस्थेतच बाहेर ठेवलेला असतो, वरचं आवरण ओढून काढल्याशिवाय तो काम करत नाही. शेजारी पेशींची गर्दी झाली की पेशी थबकते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ सारखी केमिकल्स फायब्रोब्लास्टला शांत बसवतात. आणि १९९५ मध्ये अलेक्सिस देमुलियेर, गाब्बियानी आणि त्यांच्या गटानं उंदरांच्या जखमांत दाखवून दिलं की जखम बंद झाली की ते मायोफायब्रोब्लास्ट मोठ्या संख्येनं स्वतःहून मरून जातात. शिस्तीत, सूज न आणता. काम झालं की निघून जाणं हाही त्या कामाचाच भाग आहे. याच्या जोडीला लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये सांगितलेली मर्यादा आहे, माणसाचा नॉर्मल फायब्रोब्लास्ट डिशमध्ये साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतो आणि मग थांबतो, सिरम कितीही घाला.

थांब म्हणणारं कुणी उरलं नाही तर काय होतं याचा सगळ्यात सरळ पुरावा १९८३ चा आहे. माकडांत कॅन्सर करणाऱ्या एका व्हायरसमध्ये सिस नावाचा जीन होता आणि तो नेमकं काय बनवतो ते कळत नव्हतं. त्याचं प्रोटीन पीडीजीएफच्या साखळीशी ताडून बघितलं तर दोन्ही जवळजवळ एकच निघाले. म्हणजे व्हायरस पेशीला एवढंच शिकवत होता की वाढीचा निरोप तूच बनव आणि तूच ऐक. ना जखम, ना रक्त, ना गोठणं, तरी निरोप चालूच.

कॅन्सरपर्यंत जायची पण गरज नाही. माझ्या मावसबहिणीचे लहानपणी कान टोचले तिथं बोराएवढी गाठ आली होती, केलॉइड. भोक कधीच भरलं होतं, कोलॅजन मात्र येतच राहिलं. काढली तर परत आली, आधीपेक्षा मोठी, कारण काढणं म्हणजे परत जखम आणि परत तेच निरोप. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं गाठीत दिली तेव्हा ती बसत गेली. स्टेरॉइड फायब्रोब्लास्टला गप्प करतं. लग्नाच्या फोटोत ती कायम एका बाजूनं उभी राहायची, हे मला आजही आठवतं आणि वाईट वाटतं.

याच्या अगदी उलट आमच्या अण्णांचं झालं. अण्णांना शुगर, बरीच जुनी, आणि पायाला बधिरपणा आलेला. बाभळीचा काटा मोडला तो त्यांना कळलाच नाही, चप्पल काढल्यावर रक्त दिसलं. जखम लहान होती पण भरेना. आठवडे गेले. दुखत नव्हतं म्हणून अण्णांना ती जखम वाटतच नव्हती. कडा पांढऱ्या, जाड, मधे फिकट. अंबाजोगाईला दाखवलं तर सर्जननी ड्रेसिंग उघडलं आणि ब्लेडनं त्या कडा, तो फिकट थर, सगळं खरडायला घेतलं, लालभडक रक्त येईपर्यंत.

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "कशाला खरडायलेत गं माय, भरत आलं होतं की."

डॉक्टर त्यांच्याकडं न बघता, हात चालू ठेवूनच म्हणाले, "काका, हे भरत नव्हतं, हे नुसतं बसून राहिलं होतं. ताजं रक्त आल्याशिवाय याला चालना मिळत नाही."

मी तिथं अण्णांचा पाय धरून उभी होते आणि मला एकदम सिरम आणि प्लाझ्मा आठवला. शुगरच्या जखमेत नेमकं हेच होतं. रक्तपुरवठा कमी, जंतू जास्त, सूज महिनोन्‌महिने तशीच, आणि त्या सुजेतली एन्झाइम्स आलेला ग्रोथ फॅक्टर मोडून टाकतात. कडेला बसलेले फायब्रोब्लास्ट म्हातारे झालेले असतात, निरोप आला तरी उठत नाहीत. सर्जन खरडतात तेव्हा त्या थकलेल्या पेशी काढून टाकतात आणि जुन्या जखमेची ताजी जखम करतात, परत प्लेटलेट, परत गोठणं, परत पहिल्यापासून हाक. बघायला क्रूर वाटतं ते. पण शुगरच्या पायाची जखम घरी हळद लावून, नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून काहीबाही लावून झाकून ठेवणारी माणसं मी आमच्या भागात इतकी बघितलीत, आणि नंतर बोटं, पाऊल, गुडघ्याखालचा पाय गेलेलीही बघितलीत, की हे मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे असं वाटतं. खपली धरली म्हणजे जखम भरली असं नसतं.

अण्णांचा पाय वाचला. वेळ लागला, पायावरचा भार काढून ठेवायला लागला, शुगर आटोक्यात आणायला लागली, दर काही दिवसांनी ड्रेसिंग. पीडीजीएफचं जेल पण निघालेलं आहे, यीस्टमध्ये जीन घालून ते प्रोटीन बनवतात, अमेरिकेत १९९७ च्या शेवटी शुगरच्या पायांसाठी त्याला परवानगी मिळाली. मोठ्या ट्रायलमध्ये वीस आठवड्यांत जेलवाल्यांपैकी ५० टक्के लोकांच्या जखमा पूर्ण भरल्या, नुसत्या साध्या जेलवाल्यांच्या ३५ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही, आणि जिथं नीट खरडून साफ केलं जात होतं तिथं गुण जास्त येत होता. २००८ मध्ये त्या जेलवर कॅन्सरबाबत कडक इशारा छापायला लावला, फार ट्यूब वापरलेल्या लोकांत कॅन्सरनं मृत्यू जास्त दिसले म्हणून, आणि पुढं जास्त माहिती आल्यावर २०१८ मध्ये तो इशारा काढून टाकला. सिसची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला ती भीती का वाटली असेल ते लगेच कळेल. वाढीचा निरोप बाहेरून देताना हात आखडताच ठेवावा लागतो.

आता ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहितेय ते सांगते.

मागं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हुशार पोरगं, डायग्राम फार सुरेख काढायचा. आता मोबाइलचं दुकान आहे. बोलताना मला वाटलं दात दुखतोय, कारण तो ओठ फारसे न उघडता बोलत होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिखट अजिबात सहन होत नाही आता. आणि पाणीपुरी तोंडात जात नाही." हसत म्हणाला. वय पंचविशीतलं. किती वर्षं पुडी खातोस विचारलं तर बारावीपासून, म्हणजे माझ्याच वर्गात बसत होता तेव्हापासून.

याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांत तो नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. कारण सुपारी. तंबाखू नव्हे, सुपारी, हे परत परत सांगावं लागतं कारण पोरं म्हणतात मी तंबाखू खात नाही, नुसता मसाला खातो. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या फायब्रोब्लास्टला कोलॅजन बनवायला लावतं, टीजीएफ-बीटाचे निरोप वाढतात. सुपारीतलं टॅनिन तयार झालेल्या कोलॅजनला असं काही पक्कं करतं की ते मोडणाऱ्या एन्झाइमना दाद देत नाही. सुपारीत तांबंही भरपूर असतं आणि ते कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. म्हणजे बनवणं वाढलं, मोडणं घटलं, जखडणं वाढलं, तिन्ही बाजूंनी. आधी जळजळ, मग गाल आतून पांढरे पडतात, मग गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, मग तोंड उघडेनासं होतं.

जखमेत हा निरोप काही दिवस येतो आणि थांबतो. इथं दर तासाला नवी पुडी फाडून आपणच परत निरोप पाठवतो, वर्षानुवर्षं, आणि तो फायब्रोब्लास्ट बिचारा इमानदारीत ऐकत राहतो. त्याचा काय दोष आहे? त्याला वाढ म्हटलं, तो वाढला. कुणी थांब म्हटलंच नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आणि आमच्याकडं कुठल्याही स्टँडवर उतरा, सुपारीचा मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकत्र करून तोंडात टाकणारी शाळकरी पोरं दिसतील. फडावर, ट्रॅक्टरवर, नाइट शिफ्टला भूक मारायला म्हणून खातात, बायका पण खातात. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

त्या पोराला मी दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. सुपारी बंद, हे पहिलं औषध. गालात स्टेरॉइडची इंजेक्शनं, त्याबरोबर तो चिकट थर विरघळवणारं हायल्युरोनिडेज, तोंड उघडायचे व्यायाम रोज, फारच आवळलं असेल तर ऑपरेशन. जळजळ कमी होते, तोंड थोडं उघडायला लागतं, पण एकदा जखडलेलं कोलॅजन पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, हे डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं आणि बरं केलं. केरळमध्ये अशा पेशंटवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं होतं तेव्हा त्यांच्यापैकी ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला, १९८५ चा तो अभ्यास आहे. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये छापलेल्या अहवालात सांगितलेलं आहे, तंबाखू नसली तरी.

पोराचं तोंड आता आधीपेक्षा थोडं जास्त उघडतं, तो व्यायाम सोडत नाही. अजून एक गोष्ट अशी झाली की त्याच्या दुकानात येणाऱ्या दोस्तांना तो आरशासमोर उभं करतो. तुम्हीही करून बघा, आणि घरात कुणी सुपारी, मसाला, मावा खात असेल तर त्याला करायला लावा. हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी धरायची आणि समोरच्या दातांमधून आत जातात का बघायचं. मोठ्या माणसाची आरामात जातात. दोनच जात असतील, तिखटानं गाल जळत असेल, गाल आतून पांढरट दिसत असेल, तर पुडी फेकून द्या आणि त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. सरकारी दवाखान्यातही हे तपासतात.